कौटुंबिक उत्पन्नातील अन्नखर्चाचे प्रमाण

कौटुंबिक उत्पन्नातील अन्नखर्चाचे प्रमाण म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या ठराविक कालावधीतील उत्पन्नापैकी किंवा एकूण उपभोग खर्चापैकी अन्नपदार्थांवर खर्च होणारा हिस्सा होय. हा हिस्सा टक्केवारीत सांगतात. कुटुंबाचे राहणीमान, दारिद्र्य, महागाईचा भार आणि दोन प्रदेशांतील आर्थिक तफावत मोजण्यासाठी अर्थशास्त्रात त्याचा उपयोग केला जातो. सर्वसाधारणपणे उत्पन्न कमी असलेल्या कुटुंबात हे प्रमाण जास्त असते आणि उत्पन्न वाढत गेले की ते घटत जाते.

भारतात २०२३–२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागात एकूण खर्चापैकी ४७.०४ टक्के, तर शहरी भागात ३९.६८ टक्के खर्च अन्नावर होत होता. या लेखात या संकल्पनेचा परिचय, महाराष्ट्रातील अभ्यासाचा इतिहास, प्रदेशांची तुलना आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर परिसराच्या संदर्भात या प्रमाणावर परिणाम करणारे घटक यांचा विचार केला आहे.

संकल्पना आणि मोजणी

किराणा आणि अन्न

बोलीभाषेत ‘किराणा’ किंवा ‘वाणसामान’ या शब्दांत धान्य, डाळी, तेल, साखर, चहा, मसाले यांच्याबरोबर साबण, काडेपेटी, उदबत्ती, दंतमंजन अशा वस्तूही येतात. उलट दूध, भाजीपाला, फळे, अंडी, मासळी आणि मांस या वस्तू बहुधा किराणा दुकानातून येत नाहीत. त्या मंडईतून, आठवडे बाजारातून किंवा दारावरून घेतल्या जातात. त्यामुळे वाण्याच्या दुकानातील महिन्याचे बिल आणि कुटुंबाचा अन्नखर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांख्यिकीय सर्वेक्षणात अन्नखर्चामध्ये सर्व खाद्यपदार्थ, पेये, तयार खाद्यपदार्थ आणि बाहेर घेतलेले जेवण धरतात. तंबाखू, मद्य आणि स्वयंपाकाचे इंधन यांची नोंद स्वतंत्र होते.

उत्पन्न की खर्च?

हे प्रमाण काढताना छेदस्थानी काय घ्यावे, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. भारतातील राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण प्रामुख्याने कुटुंबाचा उपभोग खर्च नोंदवते, उत्पन्न नव्हे. शेती, मजुरी आणि लहान व्यवसाय यांचे उत्पन्न हंगामानुसार बदलते व त्याची नोंद क्वचितच ठेवली जाते. खर्चाची माहिती त्या मानाने अधिक विश्वासार्ह मिळते. म्हणून भारतातील बहुतेक आकडे ‘एकूण खर्चातील अन्नाचा वाटा’ दाखवतात.

दोन्ही पद्धतींत किती फरक पडतो, हे नाबार्डच्या २०२१–२२ च्या अखिल भारतीय ग्रामीण वित्तीय समावेशन सर्वेक्षणावरून दिसते. त्यात ग्रामीण व निमशहरी कुटुंबांचे सरासरी मासिक उत्पन्न १२,६९८ रुपये, तर सरासरी मासिक उपभोग खर्च ११,२६२ रुपये आढळला. खर्चात अन्नाचा वाटा ४७ टक्के होता. म्हणजे अन्नावर महिन्याला सुमारे ५,३०० रुपये खर्च होत होते. हीच रक्कम उत्पन्नाशी ताडून पाहिली तर प्रमाण सुमारे ४२ टक्के भरते. आकड्यांची तुलना करताना दोन्हींचा छेद एकच आहे ना, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

घरचे धान्य

शेतकरी कुटुंब घरच्या शेतातील बाजरी, ज्वारी, गहू किंवा गोठ्यातील दूध वापरते, तेव्हा प्रत्यक्ष पैसे खर्च होत नाहीत. तरीही तो उपभोगच असल्यामुळे सर्वेक्षणात त्याचे मूल्य धरले जाते. हे मूल्य किरकोळ दुकानाच्या भावाने न धरता उत्पादनस्थळीच्या म्हणजे शेतावरील भावाने धरतात. परिणामी तेवढेच धान्य खाणाऱ्या शेतकऱ्याचा अन्नखर्च विकत घेणाऱ्या मजुराच्या अन्नखर्चापेक्षा कमी दिसतो.

एंगेलचा नियम

जर्मन सांख्यिकीतज्ज्ञ अर्न्स्ट एंगेल (१८२१–१८९६) यांनी बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा अभ्यास करून १८५७ मध्ये असे प्रतिपादन केले, की कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. हे प्रतिपादन ‘एंगेलचा नियम’ म्हणून ओळखले जाते. उत्पन्न वाढल्यावर अन्नावरील रक्कम घटते, असे हा नियम सांगत नाही. रक्कम वाढतेच, परंतु ती उत्पन्नाच्या गतीने वाढत नाही, म्हणून तिचा हिस्सा कमी होतो.

भारतातील २०२३–२४ चे आकडे याचे चांगले उदाहरण आहेत. ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये होता व त्यातील सुमारे १,९३९ रुपये अन्नावर गेले. शहरी भागात दरडोई मासिक खर्च ६,९९६ रुपये होता व अन्नावर सुमारे २,७७६ रुपये गेले. शहरातील माणूस अन्नावर सुमारे ४३ टक्के अधिक रक्कम खर्च करतो, तरी त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा खेड्यातील माणसापेक्षा कमीच राहतो.

महागाईचा भार

या प्रमाणाचे व्यावहारिक महत्त्व भाववाढीच्या काळात कळते. पुढील काल्पनिक उदाहरणावरून ते स्पष्ट होईल. एका कुटुंबाचे मासिक उत्पन्न १५,००० रुपये असून त्यातील ७,५०० रुपये अन्नावर जातात. दुसऱ्या कुटुंबाचे उत्पन्न ७५,००० रुपये असून १५,००० रुपये अन्नावर जातात. अन्नपदार्थांचे भाव १० टक्क्यांनी वाढले, तर पहिल्या कुटुंबाला ७५० रुपये व दुसऱ्याला १,५०० रुपये जास्त मोजावे लागतील. रुपयांत दुसऱ्याचा बोजा दुप्पट आहे. पण पहिल्या कुटुंबाच्या उत्पन्नाचा तो ५ टक्के, तर दुसऱ्याच्या उत्पन्नाचा केवळ २ टक्के भाग आहे. पहिल्या कुटुंबाजवळ शिल्लक नसल्यास ही रक्कम औषधपाणी, मुलांचे शिक्षण किंवा दूध, डाळ व भाजी यांतून कापावी लागते. पोट भरण्याला प्राधान्य असल्याने धान्य कमी होत नाही. ताटातील पोषक पदार्थ आधी कमी होतात.

महाराष्ट्रातील अभ्यासाचा इतिहास

ग्रामव्यवस्थेत रोख पैशाचा वापर मर्यादित असताना उत्पन्न आणि अन्न यांत आजच्यासारखा भेद नव्हता. बलुतेदारांना कामाचा मोबदला सुगीच्या वेळी धान्यरूपाने मिळे, सालगड्याच्या वार्षिक करारात रोख रकमेबरोबर धान्य ठरलेले असे आणि शेतमजुरीही पुष्कळदा धान्यातच दिली जाई. रोख मजुरी रूढ झाल्यावर मजुराचे पोट बाजारभावावर अवलंबून राहू लागले आणि अन्नखर्चाच्या मोजणीला अर्थ प्राप्त झाला.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. १९२१ मध्ये ना. वि. कानिटकर यांच्यासह केलेली जातेगाव बुद्रुक या गावाची पाहणी प्रसिद्ध झाली. कुटुंबाच्या निर्वाहास किती धान्य व किती पैसे लागतात आणि त्याचे उत्पन्न तेवढे आहे काय, हा या पाहण्यांतील एक मुख्य प्रश्न होता.

शहरी कामगारांविषयी मुंबई सरकारच्या मजूर कार्यालयाने केलेली चौकशी १९२३ मध्ये जी. फिंडले शिरास यांच्या नावे प्रसिद्ध झाली. तीनुसार मुंबईतील कामगार कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ५७ टक्के खर्च अन्नावर होत होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टंचाई वाढल्यावर मुंबईत १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले.

पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेने (स्थापना १९३०) धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. याच संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला. दररोज दरडोई २,२५० उष्मांक देणारा आहार ज्या खर्चपातळीवर परवडतो, ती पातळी त्यांनी दारिद्र्याची सीमा मानली. १९६०–६१ च्या भावांनुसार ती ग्रामीण भागात दरमहा दरडोई १५ रुपये, तर शहरी भागात २२.५० रुपये होती. पुढे सुरेश तेंडुलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००९ मध्ये उष्मांकाचा निकष बाजूला ठेवून आरोग्य व शिक्षणावरील खर्चही विचारात घेतला. त्या पद्धतीने २०११–१२ साठी महाराष्ट्राची दारिद्र्यरेषा ग्रामीण भागात दरमहा दरडोई ९६७ रुपये व शहरी भागात १,१२६ रुपये ठरली.

१९७२–७३ च्या दुष्काळाने या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. बाजारात धान्य असले तरी ते घेण्यासाठी हातात मजुरी नसेल तर उपासमार टळत नाही, हे त्या काळात स्पष्ट झाले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारास आलेली रोजगार हमी योजना या दुष्काळात मोठ्या प्रमाणावर राबवली गेली व पुढे तिला कायद्याचा आधार मिळाला.

राष्ट्रीय चित्र

स्वातंत्र्यानंतर प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झाले. त्याच्या उपभोग खर्चविषयक फेऱ्यांतून दीर्घ काळातील बदल कळतो.

एकूण उपभोग खर्चातील अन्नाचा वाटा, भारत (टक्के)

| वर्ष | ग्रामीण | शहरी |
|---|---|---|
| १९९९–२००० | ५९.४० | ४८.०६ |
| २०११–१२ | ५२.९० | ४२.६२ |
| २०२२–२३ | ४६.३८ | ३९.१७ |
| २०२३–२४ | ४७.०४ | ३९.६८ |

२०११–१२ नंतर अकरा वर्षे या मालिकेतील आकडे उपलब्ध झाले नाहीत. २०१७–१८ च्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष केंद्र सरकारने अधिकृतरीत्या प्रसिद्ध केले नाहीत. २०२२–२३ पासून सर्वेक्षणाची पद्धतही बदलली. वस्तूंची संख्या ३४७ वरून ४०५ करण्यात आली आणि एका भेटीऐवजी तीन भेटींत माहिती घेण्यात येऊ लागली. त्यामुळे जुन्या व नव्या आकड्यांची तुलना सावधपणे करावी लागते.

एकूण प्रमाणाइतकाच महत्त्वाचा बदल अन्नाच्या अंतर्गत रचनेत झाला आहे. २०११–१२ मध्ये ग्रामीण खर्चात तृणधान्यांचा वाटा १०.६९ टक्के होता. २०२२–२३ मध्ये तो ४.९१ टक्क्यांवर आला. आता ग्रामीण भागातही तृणधान्यांपेक्षा दूध व दुग्धजन्य पदार्थांवर (२०२३–२४ मध्ये ८.४४ टक्के) आणि पेये व तयार खाद्यपदार्थांवर (९.८४ टक्के) अधिक खर्च होतो. भाजीपाल्याचा ग्रामीण खर्चातील वाटा ६.०३ टक्के, तर शहरी खर्चातील वाटा ४.१२ टक्के आहे. धान्याचा वाटा घटण्यामागे आहारातील बदलाबरोबर स्वस्त व मोफत शिध्याचाही हात आहे.

सरासरीच्या आत मोठी तफावत दडलेली असते. २०२३–२४ मध्ये ग्रामीण भागातील सर्वांत खालच्या ५ टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च १,६७७ रुपये होता, तर शहरी भागातील सर्वांत वरच्या ५ टक्के लोकांचा २०,३१० रुपये होता. पहिल्या गटाचा सर्व गरजांवरील एकूण खर्च हा शहरी सरासरी माणसाच्या केवळ अन्नखर्चापेक्षाही कमी आहे.

प्रादेशिक तुलना

राज्याराज्यांतील तफावत

२०२३–२४ मध्ये दरडोई मासिक खर्च सिक्कीममध्ये सर्वाधिक (ग्रामीण ९,३७७ रुपये, शहरी १३,९२७ रुपये) आणि छत्तीसगडमध्ये सर्वांत कमी (ग्रामीण २,७३९ रुपये, शहरी ४,९२७ रुपये) होता. महाराष्ट्रात तो ग्रामीण भागात ४,१४५ रुपये व शहरी भागात ७,३६३ रुपये होता. महाराष्ट्राचा शहरी खर्च राष्ट्रीय सरासरीपेक्षा बराच जास्त आहे. ग्रामीण खर्च मात्र तिच्याजवळच घुटमळतो. देशात शहरी खर्च ग्रामीण खर्चापेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी अधिक असताना महाराष्ट्रात हे अंतर सुमारे ७८ टक्के आहे. मुंबई, ठाणे व पुणे यांच्या समृद्धीमुळे राज्याची सरासरी उंचावते, पण ती खेड्यांपर्यंत त्याच प्रमाणात पोहोचत नाही, असा याचा अर्थ होतो.

शेतकरी कुटुंबांच्या उत्पन्नाची तुलना २०१८–१९ च्या सर्वेक्षणात मिळते. त्यानुसार शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न देशात १०,२१८ रुपये, महाराष्ट्रात ११,४९२ रुपये, पंजाबमध्ये २६,७०१ रुपये व झारखंडमध्ये ४,८९५ रुपये होते. देशपातळीवर या उत्पन्नात मजुरीचा भाग (४,०६३ रुपये) पिकांपासून मिळणाऱ्या निव्वळ उत्पन्नापेक्षा (३,७९८ रुपये) मोठा होता. सातबारावर नाव असलेले कुटुंबही अन्नासाठी पुष्कळ अंशी मजुरीवर अवलंबून असते, हे त्यावरून दिसते.

भाव सारखे, मजुरी वेगळी

उत्पन्नातील प्रादेशिक फरक जेवढा मोठा असतो, तेवढा अन्नाच्या भावांतील फरक मोठा नसतो. भाजीपाला, दूध आणि स्थानिक धान्य खेड्यात स्वस्त मिळते. परंतु खाद्यतेल, साखर, चहापूड, डाळी आणि वेष्टनबंद पदार्थ देशभर जवळपास सारख्याच भावाने विकले जातात; वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत तर सर्वत्र एकच असते. याउलट महाराष्ट्रात किमान वेतनाचे दर परिमंडळानुसार वेगवेगळे असतात व महानगरांपेक्षा लहान गावांत ते कमी असतात. तेलाच्या एका पिशवीसाठी लहान गावातील मजुराला महानगरातील कामगारापेक्षा अधिक वेळ राबावे लागते, ते यामुळेच. शहरातील कुटुंबाला मात्र घरभाडे व प्रवासखर्चाचा भार अधिक असतो. म्हणून अन्नाचा वाटा कमी असणे हे प्रत्येक वेळी सुबत्तेचेच लक्षण असते, असे नाही.

केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग देशातील ५५० केंद्रांवरून जीवनावश्यक वस्तूंचे दैनंदिन भाव गोळा करतो. ऑगस्ट २०२४ पासून या वस्तूंची संख्या २२ वरून ३८ करण्यात आली. भाव आणि मजुरी यांची सांगड घालण्याचा एक प्रयत्न २०१९–२० च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत झाला. त्यात जेवणाच्या थाळीचा खर्च आणि औद्योगिक कामगाराची मजुरी यांची तुलना केली असून २००६–०७ ते २०१९–२० या काळात शाकाहारी थाळीची परवडणूक २९ टक्क्यांनी, तर मांसाहारी थाळीची १८ टक्क्यांनी सुधारल्याचे नमूद केले आहे.

जगातील स्थिती

अमेरिकेत घरी शिजवण्याच्या अन्नावर ग्राहकखर्चाचा सुमारे ७ टक्के भाग जातो, तर नायजेरियात निम्म्याहून अधिक. अमेरिकेतील किराण्याचे बिल डॉलरचे रुपये करून पाहिल्यास फार मोठे वाटते. परंतु तेथील उत्पन्नाच्या मानाने ते लहान असते. तेथे बाहेरच्या जेवणावरील खर्च मोठा असल्याने केवळ घरच्या अन्नाचे आकडे घेतल्यास एकूण अन्नखर्चाचे चित्र अपुरे राहते.

श्रीरामपूर परिसर

श्रीरामपूर हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे ठिकाण व बाजारपेठेचे शहर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ८९ हजार होती. दौंड–मनमाड लोहमार्गावरील येथील स्थानकाचे नाव आजही बेलापूर असेच आहे. हा प्रदेश मुळात पर्जन्यछायेतील आहे. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि कालव्यांच्या पाण्यावर येथे ऊस उभा राहिला. हरेगाव आणि टिळकनगर येथे खासगी साखर कारखाने निघाले. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून जवळच लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. जमीनधारणेच्या कमाल मर्यादेच्या कायद्यानंतर खासगी कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे आल्या व त्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे सोपवण्यात आल्या.

राष्ट्रीय सर्वेक्षणाचा नमुना तालुक्याचे स्वतंत्र आकडे काढण्यासाठी आखलेला नसतो. त्याचे निष्कर्ष देश व राज्य पातळीवर मांडले जातात. परंतु एकाच बाजारपेठेत एकाच भावाने खरेदी करणाऱ्या निरनिराळ्या थरांतील कुटुंबांवर भावाचा परिणाम वेगवेगळा कसा होतो, हे समजण्यास अशा तालुक्याची रचना उपयुक्त ठरते.

बागायतदार कुटुंबाला घरचा गहू, बाजरी व दूध मिळते. त्याचे उत्पन्न मात्र उसाचे पेमेंट, कांद्याचा किंवा सोयाबीनचा भाव यांनुसार वर्षातून काही वेळाच हाती येते. मधल्या काळात किराणा दुकानातील उधारीचे खाते आणि दुधाचा पगार, म्हणजे डेअरीकडून ठराविक दिवसांनी मिळणारे दुधाचे पैसे, यांवर घर चालते. जिल्हा दूध उत्पादनात राज्यात अग्रेसर असल्याने दुधाचा पगार हा अनेक लहान शेतकऱ्यांच्या किराण्याचा आधार असतो. गरज मोठी असली की घरातील मुलांच्या वाट्याचे दूधही डेअरीला जाते.

शेतमजूर कुटुंब जवळजवळ सर्व अन्न विकत घेते. त्याची खरेदी आठवड्याची असते. मजुरीचे पैसे बाजाराच्या दिवशी मिळण्याची प्रथा त्यास कारणीभूत आहे. पाव किलो डाळ, शंभर ग्रॅम चहापूड अशी थोडी थोडी खरेदी एकंदरीत महाग पडते. सुगीत वर्षाचे धान्य भरून ठेवणाऱ्या कुटुंबाला स्वस्त भावाचा जो लाभ होतो, तो मजुराला हातात एकरकमी पैसा नसल्यामुळे मिळत नाही. गरीब कुटुंब तीच वस्तू अधिक भावाने घेते, ही विसंगती अन्नखर्चाच्या अभ्यासात वारंवार आढळते.

नोकरदार व व्यापारी कुटुंबे महिन्याची यादी करून एकदम किराणा भरतात. शासकीय कर्मचारी व निवृत्तिवेतनधारक यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला असल्याने भाववाढीची काही भरपाई त्यांना मिळते. दुकानातील किंवा हॉटेलातील नोकर, हमाल व घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांपैकी बहुतेकांना अशी आपोआप होणारी वाढ प्रत्यक्षात मिळत नाही.

ऊसतोड मजुरांची स्थिती याहून वेगळी आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून गळीत हंगामात येणारी ही कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन आलेली असतात. ती उचल पुष्कळदा गावीच घरखर्चात, दवाखान्यात किंवा लग्नकार्यात संपलेली असते. कोपीवर राहत असताना होणारा किराणा पुढील कष्टातून फेडायचा असल्यामुळे त्यांच्या बाबतीत अन्नखर्च आणि कर्ज यांच्यातील सीमारेषा पुसट होते.

कांद्याचे उदाहरण

अन्नाचा भाव हा एका कुटुंबाचा खर्च असतो, तसाच दुसऱ्या कुटुंबाचे उत्पन्नही असतो. कांदा पिकवणाऱ्या उत्तर अहिल्यानगर व नाशिक पट्ट्यात हा विरोध ठळकपणे दिसतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातीवर बंदी घातली. ही बंदी ४ मे २०२४ रोजी उठवण्यात आली. देशातील ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा, हा बंदीचा हेतू होता. परंतु बाजार समित्यांतील भाव पडल्याने उत्पादकांत तीव्र असंतोष निर्माण झाला. कांदा उत्पादक स्वतः तेल, डाळ व साखर यांचा ग्राहक असतो. त्याच्या मालाचा भाव पडला आणि खरेदीच्या वस्तूंचे भाव तसेच राहिले, तर त्याच्या उत्पन्नातील अन्नखर्चाचे प्रमाण एकही वस्तू महाग न होता वाढते.

शासकीय योजनांचा परिणाम

राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य गटातील व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य मिळते. सुरुवातीस तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये व भरडधान्य १ रुपया किलो या दराने दिले जाई. जानेवारी २०२३ पासून ते मोफत असून १ जानेवारी २०२४ पासून ही सवलत पुढील पाच वर्षांसाठी वाढवण्यात आली. महाराष्ट्रात ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के व शहरी भागातील ४५.३४ टक्के लोकसंख्या या कायद्याच्या कक्षेत येते. प्राधान्य गटासाठी राज्यात वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० रुपये व शहरी भागात ५९,००० रुपये ठेवण्यात आली. राज्यात १९९९ पासून पिवळी, केशरी व पांढरी अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका प्रचलित आहेत.

२०२३–२४ च्या सर्वेक्षणात मोफत मिळालेल्या वस्तूंचे मूल्य धरल्यास दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ वरून ४,२४७ रुपये व शहरी भागात ६,९९६ वरून ७,०७८ रुपये होतो. म्हणजे ग्रामीण भागात सरासरी दरडोई लाभ १२५ रुपयांचा आहे. पाच माणसांच्या कुटुंबास तो महिन्याला ६२५ रुपये पडतो. या वस्तूंत धान्याखेरीज काही बिगरखाद्य वस्तूंचाही समावेश आहे.

२०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात यांच्या दरम्यान शिधापत्रिकेची आंतरराज्य सोय सुरू झाली व पुढे ‘एक देश एक शिधापत्रिका’ योजनेत ती देशभर पोहोचली. ऊसतोडणीसारख्या कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना मुक्कामाच्या गावी धान्य घेता यावे, यासाठी ही तरतूद महत्त्वाची आहे. याशिवाय राज्यात २६ जानेवारी २०२० पासून १० रुपयांत शिवभोजन थाळी आणि २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर व पामतेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ या योजना सुरू करण्यात आल्या.

मर्यादा

अन्नखर्चाचे प्रमाण हे उपयुक्त परंतु अपुरे मापक आहे. त्याच्या मुख्य मर्यादा अशा :

* प्रमाण कमी झाले म्हणजे आहार सुधारला, असे नाही. भाडे, दवाखाना किंवा शाळेचे शुल्क वाढल्यामुळे अन्नात काटकसर झाली, तरी प्रमाण घटते.
* ते कुटुंबाची सरासरी दाखवते. घरात कोणाच्या ताटात काय पडते, हे सांगत नाही. टंचाईत घरातील स्त्रिया सर्वांत शेवटी व कमी जेवतात, ही बाब त्यात दिसत नाही.
* मोफत धान्यामुळे तृणधान्याचा खर्च घटतो, पण डाळी, तेल, दूध व भाजी बाजारभावानेच घ्यावी लागतात. पोट भरण्याचा आणि पोषणाचा खर्च त्यामुळे वेगळा पाहावा लागतो.
* निर्देशांकातील अन्नाचे भारांक समाजगटानुसार बदलतात. औद्योगिक कामगारांच्या २०१६ आधारवर्षाच्या निर्देशांकात अन्न व पेयांचा भार सुमारे ३९ टक्के, तर शेतमजुरांच्या १९८६–८७ आधारवर्षाच्या निर्देशांकात अन्नाचा भार सुमारे ६९ टक्के होता. महागाईचा एकच दर सर्व कुटुंबांना सारखा लागू पडत नाही.

हे सुद्धा पहा

* एंगेलचा नियम
* दारिद्र्यरेषा
* ग्राहक किंमत निर्देशांक
* सार्वजनिक वितरण व्यवस्था
* रोजगार हमी योजना
* श्रीरामपूर